पेडल स्टील गिटारची थिअरी: सुरुवात कुठून करावी?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका तरुण वादकाने विचारलं आहे. पेटीवर मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या आहेत, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, आणि आता परदेशातून परतलेल्या मामांकडून दहा तारांची पेडल स्टील गिटार हाती आली आहे (समोर आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची; पेडल आणि लिव्हर वाजत्या तारेचा स्वर चढवतात-उतरवतात). तीन पेडल, गुडघ्याचे चार लिव्हर, ट्यूनिंग ई नाइन. प्रश्न थोडक्यात असा: "काका, इंटरनेटवर जे सापडतं ते सगळे कॉर्डचे तक्ते. राग मला समजतात, कॉर्ड कीबोर्डवर बोटांना पाठ आहेत, पण ते तसेच का लागतात हे कळत नाही. आधी स्टाफ नोटेशन शिकू का? बाराही पट्ट्यांचे कॉर्ड पाठ करू का? की थिअरी बाजूला ठेवून सरळ गाणी बसवू?"

तिन्हींपैकी काहीच नको, निदान पहिल्या वर्षी तरी. या वाद्याला लागणारी थिअरी तुझ्याजवळ बरीचशी आधीच आहे, फक्त ती तारांवर उतरवायची राहिली आहे. कोणती तार 'सा'पासून किती लांब, आणि कोणता पेडल कोणत्या स्वराला कुठे नेतो, एवढं पक्कं झालं की त्या तक्त्यांतला प्रत्येक कॉर्ड तुला स्वतः काढता येईल. तक्ता पाठ केला तर तो विसरतो. काढलेला कॉर्ड विसरला तरी पुन्हा काढता येतो.

पहिलं काम कागदावरचं. चौकटीची वही घे आणि दहा आडव्या रेषा मार. तुझ्यापासून सर्वांत लांबची तार पहिली, पोटाजवळची दहावी. ई नाइनमध्ये मोकळ्या तारा अशा मिळवतात: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. ही नावं एकदा लिही आणि बाजूला ठेव. आता ई म्हणजे पांढरी तीन हा सा धर आणि तीच यादी पुन्हा लिही: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. आठवी तार मध्य सा मानली तर दहावी मंद्र पंचम, नववी मंद्र कोमल निषाद, सातवी रिषभ, सहावी गांधार, पाचवी पंचम, चौथी वरच्या सप्तकातला सा, तिसरी वरच्या सप्तकातला गांधार. पहिल्या दोन तारा मात्र रांग सोडून बसल्या आहेत. दुसरी तार म्हणजे चौथीच्या सा खालचा शुद्ध निषाद आणि पहिली म्हणजे त्या सा वरचा रिषभ. बडी एमन्स या थोर वादकाने मधल्या राहून गेलेल्या या स्वरांसाठी त्या दोन तारा वाढवल्या. सुरुवातीला त्या हाताला अडचण वाटतात, पुढे त्यांच्याशिवाय चालत नाही.

ही यादी नीट बघ. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, आठवी, दहावी या सहा तारांत सा, ग, प याखेरीज काही नाही. म्हणजे बार कुठेही सरळ ठेव आणि या तारा छेड, त्या ठिकाणचा मेजर कॉर्ड वाजणारच. मानेवरच्या तिसऱ्या पट्टीवर (म्हणजे फ्रेटवर) पांढरी पाच, आठव्या पट्टीवर पांढरी एक. पट्टी बदलली तरी तारांची नाती तीच राहतात, फक्त सा सरकतो. पेटीवर काळी एकमधला भूप काळी चारमध्ये नेताना बोटांची ठेवण बदलावी लागते, इथे तेवढंही नाही. म्हणूनच बारा पट्ट्यांचे कॉर्ड पाठ करू नकोस म्हणालो. पाठ करायची ती एकच पट्टी, सा ची.

आता पेडल. एमन्स पद्धतीच्या वाद्यात डावीकडून ए, बी, सी असे असतात. जिमी डे या वादकाच्या पद्धतीत हाच क्रम उलटा. तुझं कोणत्या पद्धतीचं आहे ते दाबून बघ. ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा पंचम उचलून धैवतावर नेतो. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा गांधार मध्यमावर नेतो. सी पेडल चौथ्या तारेचा सा रिषभावर आणि पाचवीचा पंचम धैवतावर. गुडघ्याच्या लिव्हरांपैकी दोन फार महत्त्वाचे: एक चौथी-आठवीचा सा कोमल रिषभावर चढवतो, दुसरा तोच सा शुद्ध निषादावर उतरवतो. पहिल्याला बहुतेक जण एफ लिव्हर म्हणतात, कारण ई चा एफ होतो.

ही पाच वाक्यं वहीत स्वरांत लिही. एफ शार्प नको, फ्लॅट नको, फक्त "प → ध", "ग → म", "सा → नी" असं. मग एक गंमत होते, आणि मला या वाद्याचं वेड लागलं ते तिथेच. बार एका पट्टीवर ठेव, हलवू नकोस, आणि पाय-गुडघ्यांनी काय काय मिळतं ते बघत जा.

काहीच दाबलं नाही तर सा-ग-प. हा घरचा कॉर्ड. नुसता ए दाबला की पंचमाचा धैवत झाला, उरले सा, ग, ध. हाच धैवताचा मायनर. ए आणि बी दोन्ही दाबले की सा, म, ध, म्हणजे मध्यमाचा मेजर. बी आणि सी दाबले की चौथीवर रिषभ, पाचवीवर धैवत, सहावीवर मध्यम: रे, म, ध, रिषभाचा मायनर. सा उतरवणारा लिव्हर ओढला की नी, ग, प, म्हणजे गांधाराचा मायनर. तोच लिव्हर धरून दहावी, आठवी, सातवी आणि पाचवी छेड: प, नी, रे, प. हा पंचमाचा मेजर. वर बी पेडल दाबून सहावीही घे, म्हणजे मध्यम मिसळला: प, नी, रे, म. कीबोर्डवर तू ज्याला सेव्हंथ म्हणतोस तो हाच. आणि त्यातला पंचम सोडून नी, रे, म एवढंच ठेवलं तर निषादाचा डिमिनिश्ड.

म्हणजे बिलावलच्या सातही स्वरांवर उभे राहणारे सातही कॉर्ड एकाच पट्टीवर मिळाले. पाश्चात्त्य पुस्तकांत "डायटॉनिक हार्मनी" नावाचं लांबलचक प्रकरण असतं ना, ते एवढंच. सात शुद्ध स्वर घ्या, एक सोडून एक असे तीन उचला. सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नी, असं पुढे. कुठे पहिल्या आणि दुसऱ्या स्वरात पेटीवरच्या चार घरांचं अंतर पडतं, तिथे मेजर. कुठे तीनच पडतं, तिथे मायनर. सा, म, प वर मेजर येतात. रे, ग, ध वर मायनर. नी वर मात्र दोन्ही अंतरं तीन-तीन घरांची, म्हणून तो डिमिनिश्ड. हे कुणी ठरवलेलं नाही, बिलावलच्या अंतरांतूनच ते येतं. पेटीवर एकदा मोजून बघ म्हणजे पाठ करावं लागणार नाही.

आता "असं का?" या तुझ्या मूळ प्रश्नाकडे. सेव्हंथ वाजला की कान घरी परतायला का बघतात? प, नी, रे, म हा कॉर्ड धरून ठेव, म्हणजे गुडघ्याने निषाद आणि पायाने मध्यम. आवाज चालू असतानाच दोन्ही सोडून दे. निषाद अर्ध्या स्वराने चढून सा होतो, मध्यम अर्ध्या स्वराने उतरून गांधार होतो, पंचम जागीच राहतो. सातवी तार तेवढी हलकेच दाबून बंद कर, रिषभाचं काम झालं. निषादाची सा कडे ओढ आणि मध्यमाची गांधाराकडे ओढ तुला रागातून माहीत आहेच. पाश्चात्त्य संगीतात या दोन ओढी एकाच वेळी वाजवतात, आणि त्यांच्या एकत्र सुटण्यावर तिथली अर्धी थिअरी उभी आहे. पियानोवर हे समजावून सांगावं लागतं. पेडल स्टीलवर पाय सैल सोडला की ते पायाला जाणवतं.

दुसरी ओढ नवव्या तारेतून कळते. सा-ग-प मध्ये नववी मिसळ, म्हणजे कोमल निषाद आला. आता कानाला मध्यमाचा कॉर्ड हवासा वाटतो. ए-बी दाब: ग चा म, प चा ध. कोमल निषादाला धैवतावर उतरवणारा लिव्हर बहुतेक वाद्यांवर उजव्या गुडघ्याला असतो, तोही सोबत लाव. खमाजमध्ये कोमल निषादावरून धैवताकडे उतरताना जो विसावा मिळतो, तोच इथे खाली मध्यमाचा आधार घेऊन मिळतो.

ए-बी ची जोडी हे या वाद्याचं हृदय आहे, म्हणून तिच्याकडे थोडं जास्त लक्ष देऊ. 1954 मध्ये बड आयझॅक्सचं वादन असलेलं एक कंट्री गाणं अमेरिकेत गाजलं. त्यात तारा वाजत असतानाच त्याने पेडल दाबला होता. पेडल त्याआधीही होते, पण ट्यूनिंग बदलण्यापुरते वापरले जात. आवाज चालू असताना दाबल्यामुळे कॉर्डमधला एक स्वर जागी राहतो आणि बाकीचे सरकतात, हे लोकांनी पहिल्यांदा ठळकपणे ऐकलं. पुढे एमन्स आणि डे यांनी ते दोन बदल दोन वेगळ्या पेडलांवर नेले, म्हणूनच आज ग → म एकट्याने करता येतं आणि प → ध एकट्याने. तू हे मींडेच्या कानाने ऐक. सा तानपुऱ्यासारखा स्थिर, गांधारावरून मध्यमाची मींड आणि त्याच वेळी पंचमावरून धैवताची. एकट्या सतारीवर दोन मींडा अशा समांतर घेता येत नाहीत. या वाद्याची खासियत तीच आहे, आणि थिअरीही त्याच अंगाने शिकायची: कॉर्डची नावं गौण, त्यातला कोणता स्वर थांबला आणि कोणता चालला हे मुख्य.

सरावही तसाच. चौथी-पाचवी-सहावी ही पकड घे, सा-ग-प वाजव, दोन्ही पेडल सावकाश दाब, आणि तोंडाने एकच आवाज म्हण. आधी "सा... सा", मग "ग... म", मग "प... ध". तिन्ही आवाज वेगवेगळे गाता आले की मगच पुढच्या पकडीवर जा. कंटाळवाणं आहे, तरी करच. पेटीवाल्यांना गळा लावायची सवय असते, तिचा इथे भरपूर उपयोग होतो.

आता तोच कॉर्ड मानेवर दुसरीकडे कुठे मिळतो ते पाहू. तक्त्यात लिहिलेलं असतं: मोकळा तिसऱ्या पट्टीवर, ए आणि एफ लिव्हर सहाव्यावर, ए-बी दहाव्यावर, पुन्हा मोकळा पंधराव्यावर. सगळे पांढरी पाचचे मेजर. हे अंक कुठून आले? ए-बी दाबले की मध्यमाचा कॉर्ड येतो हे आपण पाहिलं. मध्यम सा च्या वर पाच घरं. म्हणजे मध्यमाच्या कॉर्डला सा चा कॉर्ड बनवायचं तर बार पाच घरं मागे न्या किंवा सात घरं पुढे. तीन अधिक सात, दहा. ए आणि एफ एकत्र दाबले की कोमल रे, ग आणि ध, म्हणजे धैवताचा मेजर. धैवत सा च्या वर नऊ घरं, सप्तक पूर्ण व्हायला तीन कमी. म्हणून तीन घरं पुढे: तीन अधिक तीन, सहा. एवढा हिशेब जमला की पांढरी एकचा मेजर कुठे कुठे मिळेल ते तूच काढ. उत्तर पडताळायला सांगतो: ए-बी तिसऱ्यावर, मोकळा आठव्यावर, ए-एफ अकराव्यावर, ए-बी पुन्हा पंधराव्यावर.

मायनरही याच रीतीने. नुसता ए म्हणजे धैवताचा मायनर, तेव्हा हव्या त्या मायनरसाठी तीन घरं पुढे. बी-सी म्हणजे रिषभाचा मायनर, तेव्हा दहा पुढे किंवा दोन मागे. वहीत चौकटी रंगवत बसण्यापेक्षा हे मनात करायची सवय लाव, बस स्टँडवर उभं राहूनही होतं.

अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत वादक कॉर्ड अक्षरांनी लिहीत नाहीत, आकड्यांनी लिहितात: 1, 4, 5, 6 मायनर. 1950च्या दशकाच्या अखेरीस द जॉर्डनेअर्स या गायकचमूतल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत सुरू केली आणि चार्ली मॅकॉय यांच्यासारख्या वादकांनी ती रुजवली. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. तुला हे नवं वाटायचं कारण नाही, सरगम याच तत्त्वावर चालते. 1 म्हणजे सा, 4 म्हणजे म, 5 म्हणजे प, 6 मायनर म्हणजे ध चा मायनर. गाण्याचा कागद हातात आला की आधी त्यावर आकडे लिही. पांढरी पाचमधलं गाणं असेल आणि कागदावर जी, सी, डी असेल तर 1, 4, 5. मग बार तिसऱ्यावर ठेवून 1 मोकळा, 4 ला ए-बी, आणि 5 साठी ए-बी दाबलेले ठेवून दोन घरं पुढे. मध्यमाचा कॉर्ड दोन घरं सरकला की पंचमाचा होणारच.

आता एका जागी सावध करतो, कारण रागसंगीतातून आलेल्यांची गाडी इथेच अडते. आपल्याकडे प्रत्येक स्वराचं नातं एकाच सा शी. कॉर्डच्या संगीतात स्वराला एकाच वेळी दोन नाती असतात, एक गाण्याच्या सा शी आणि दुसरं चालू कॉर्डच्या मुळाशी. पाचव्या तारेवरचा पंचम घे. सा च्या कॉर्डमध्ये तो पंचमच. गांधाराच्या मायनरमध्ये तोच त्या कॉर्डचा कोमल गांधार. पंचमाच्या कॉर्डमध्ये तोच मूळ स्वर. धैवताच्या मायनरवर वाजवलास तर तो त्याचा कोमल निषाद, आणि मध्यमाच्या कॉर्डवर तो त्याचा रिषभ, जरा अधांतरी वाटणारा. तार एकच, स्वर एकच, पण पाच वेगळ्या भावना. हे डोक्याने समजायला पाच मिनिटं लागतात, कानात उतरायला महिने.

त्यासाठी एक उपाय मी सगळ्यांना सांगतो. ऑर्केस्ट्रातल्या कुणा मित्राला कीबोर्डवर बसव. त्याने सा, ध मायनर, म, प असे कॉर्ड प्रत्येकी चार मात्रा धरत फिरवायचे, आणि तू फक्त पाचवी तार छेडत राहायचं. पेडल नाही, बार हलवणं नाही. प्रत्येक कॉर्ड बदलल्यावर तुझा पंचम कसा वाटतो ते ऐक. मग तोच प्रयोग आठव्या तारेच्या सा वर, मग सहाव्याच्या गांधारावर. मध्यमाच्या कॉर्डवर गांधार टोचेल. तिथे आपोआप पाय बी पेडलकडे जाईल, आणि तो गेला की समज, थिअरी पायापर्यंत पोचली. मित्र मिळाला नाही तर फोनवर कॉर्ड रेकॉर्ड करून ठेव. तानपुरा ॲप मात्र या सरावाला वापरू नकोस, तो तुला सतत सा कडे खेचेल आणि दुसरं नातं ऐकूच येणार नाही.

सुरांच्या मिळवणीबद्दल तू विचारलं नाहीस, पण त्याशिवाय थिअरी अर्धवट राहील. आणि तू सांगली-मिरजेचा आहेस, तुला ते ऐकायची सोय दारात आहे.

ट्यूनरच्या काट्याप्रमाणे सगळ्या तारा बरोबर मध्यावर मिळवल्यास तर सा-ग-प कडक आणि खरखरीत वाजेल. वाद्य बिघडलेलं नाही. ट्यूनर तुला कीबोर्डचा गांधार देतो. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर तो सा पासून 400 सेंटवर असतो. नैसर्गिक गांधार, म्हणजे सा शी 5:4 या प्रमाणात असलेला, सुमारे 386 सेंटवर. म्हणजे चौदा सेंट उतरलेला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी नुकतीच लावलेला तानपुरा छेडायला मिळाला तर खर्जाच्या तारेला कान दे. त्या तारेतून आपसूक निघणारा गांधार हाच. पेडल स्टीलचे बहुतेक वादक तिसरी आणि सहावी तार याच गांधारावर किंवा त्याच्या जवळ मिळवतात, कारण लांब टिकणाऱ्या कॉर्डमध्ये कीबोर्डचा गांधार हेलकावे घेतो. धैवताचंही तसंच: 900 ऐवजी सुमारे 884. एफ लिव्हरचा कोमल रिषभ तर धैवताच्या कॉर्डचा गांधार म्हणून वापरायचा असल्याने सुमारे 70 वर जातो, कीबोर्डपेक्षा तीस सेंट खाली. म्हणूनच ए-एफ वाजवताना बार रेषेच्या किंचित पुढे ठेवावा लागतो, सगळा कॉर्डच थोडा उतरलेला असतो.

आणि सातव्या तारेचा रिषभ. हा वाद्याचा अवघड स्वर, आणि तो का अवघड ते तुला इतर कुणापेक्षा लवकर कळेल. पंचमाशी जुळणारा रिषभ सुमारे 204 सेंटवर. पण ए पेडल दाबून धैवताशी जुळवायला गेलास तर रिषभ सुमारे 182 वर हवा. बावीस सेंटांचं अंतर, आणि तार एकच. एकीकडे मिळवली की दुसरीकडे बोचते. काही वादक मधली जागा धरतात, काही वाद्यांवर पेडलसोबत ती तार जराशी उतरवणारी जोडणी असते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 च्या सुमारास श्रुतींची मोजदाद केली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून स्वर पडताळले, तेव्हा त्यांच्यासमोर जे प्रश्न होते त्यातलाच हा एक: रिषभ एक नाही, दोन आहेत. गायक प्रसंग पाहून हवा तो लावतो. तारेला ते स्वातंत्र्य नाही, तुझ्या हातातल्या बारला आहे. रे-ध असा दोन तारांचा मेळ नुसताच वाजवायचा असेल तर बार किंचित तिरका करून तो सुधारता येतो. पण हे पुढचं काम. आत्ता सातवी तार पंचमाशी मिळव आणि ए पेडलसोबत ती जपून वाजव.

मिळवताना एवढं पाळ: आधी आठवी-चौथीचा सा, मग पंचम, मग कानाने गांधार. त्यानंतर पेडल दाबून म आणि ध. पेडल दाबल्यावर लाकूड आणि धातू ताणाने थोडे वाकतात आणि न दाबलेल्या ताराही दोन-चार सेंट उतरतात, त्यामुळे शेवटी एकदा सगळं पुन्हा तपास.

स्केल आणि सुरावटींचं फार वाढवत नाही, कारण ते तुझं तुला सापडेल. भूपाचे स्वर बघ: आठवी सा, सातवी रे, सहावी ग, पाचवी प, पाचवीवरच ए दाबून ध, चौथी सा, पहिली रे, तिसरी ग. बार न हलवता सव्वा सप्तक. कंट्री संगीतातल्या पुष्कळ सुरावटी या पाच स्वरांतून निघतात, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. अर्थात त्या भूप होत नाहीत. न्यास वेगळे, चलन वेगळं, कॉर्ड बदलला की जोर देण्याचा स्वरही बदलतो. बोटांना जागा माहीत असण्यापुरता भूप वापर, आलापी त्यात करत बसू नकोस. म आणि नी हवे असतील तर बी पेडल आणि दुसरी तार आहेतच, बिलावल पूर्ण होतो. दुसऱ्या तारेचा लिव्हर असेल तर नी चा कोमल नी आणि पुढे ध पण मिळतो.

टॅब्लेचर, म्हणजे तार आणि पट्टी दाखवणारं लेखन, मिळेल तिथून घे, पण एक पथ्य पाळ. त्यात तारेसमोर "8ए" असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे आठवी पट्टी, ए पेडल. ते हाताला सांगतं कुठे जायचं, कानाला काही सांगत नाही. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने स्वर लिही आणि त्याखाली चालू कॉर्डचा आकडा. पाच-सहा गाण्यांचं असं केलंस की नमुने दिसू लागतील: 4 वर जाण्याआधी कोमल नी येतो, 5 वरून परतताना नी आणि म एकत्र सुटतात, 2 मायनरसाठी वादक बी-सी कडे झुकतात.

स्टाफ नोटेशन शिक, पण नंतर, आणि वेगळ्या कारणासाठी. इतर वाद्यांसाठी लिहिलेली गाणी वाचायला ते उपयोगी पडतं, या वाद्यासाठी लिहिलेलं त्यात फारसं काही नाही. सी सिक्स हे या वाद्याचं दुसरं ट्यूनिंग, जॅझ, डिमिनिश्ड आणि ऑगमेंटेड कॉर्ड हे सगळं सध्या लांब ठेव. एवढं मात्र करून बघ: एफ लिव्हर ओढून नववी, सहावी, पाचवी, चौथी छेड. प्रत्येक दोन स्वरांत तीन-तीन घरांचं अंतर येतं. हाच डिमिनिश्ड सेव्हंथ, आणि तीन पट्ट्या पुढे नेला तरी त्यातले स्वर तेच राहतात. का राहतात ते वहीत काढ.

गाणी बसवू का, असंही विचारलं होतंस. बसव, पण ज्यांत तीनच कॉर्ड आहेत अशी आणि संथ. आपलं भावगीतही चालेल. ऑर्केस्ट्रात घाईने नेऊ नकोस. एरवी कॉर्ड कीबोर्डवर तू दाबतोस तेव्हा सगळे स्वर एकदम येतात आणि एकदम जातात. इथे तुला प्रत्येक स्वर वेगळा आणायचा आणि वेगळा सोडायचा आहे. कानांना ते सावकाशपणेच कळतं. तिसरी तार अकरा गेजची असते आणि बी पेडलवर वारंवार ताण येऊन तीच आधी तुटते. साध्या इलेक्ट्रिक गिटारच्या पहिल्या तारेत हा गेज मिळतो, चार-पाच आणून ठेव.

शेवटी तुझ्याकडून एक हवं आहे. तुझ्या चार लिव्हरांपैकी दोनच मी वर गृहीत धरले, ते बहुतेक सगळ्या वाद्यांवर असतात. उरलेले दोन बनवणाऱ्याप्रमाणे आणि आधीच्या मालकाच्या आवडीप्रमाणे बदलतात. एकेक लिव्हर ओढून दहाही तारा तपास, कोणती चढते, कोणती उतरते, आणि किती घरं. आडव्या रांगेत तारा, उभ्या रांगेत पेडल आणि लिव्हर, चौकटीत स्वर, असा तक्ता करून त्याचा फोटो पाठव. पहिल्या आणि सातव्या तारेचा रिषभ चढवणारा लिव्हर त्यात असेल तर कोमल गांधारासाठी तो कसा वापरायचा ते लिहीन, आणि पंचम उतरवणारा असेल तर तीव्र मध्यमासाठी.